बोली एकाची, भुर्दंड दुसऱ्याला

ईबेवर कुणी जुना कॅमेरा लिलावाला लावतो. आठवडाभर बोली चढत जाते, शेवटच्या मिनिटाला दोघांची चुरस लागते आणि दोनशे डॉलरला कॅमेरा जातो. जातो म्हणजे पडद्यावर जातो. जिंकणारा पैसे भरत नाही. निरोपाला उत्तर नाही, आठवण केली तरी नाही. कॅमेरा विकणाऱ्याच्या कपाटात तसाच पडून, आणि महिन्याच्या बिलात कंपनीची दलाली मात्र लागलेली. अमेरिकेत, आणि ईबे जिथे जिथे पसरली त्या देशांत, बरीच वर्षे हा प्रकार नित्याचा होता. लिलावाची वेळ संपली की विक्री झाली असे धरायचे, विक्री झाली की दलाली लावायची, आणि पैसे मिळाले नाहीत तर विकणाऱ्याने परताव्यासाठी अर्ज करायचा.

न झालेल्या विक्रीची दलाली आधी घ्यायची आणि मग मागणाऱ्याला, तीही मुदतीत मागितली तरच, परत द्यायची, हा क्रम मुळातच उलटा आहे. पण माझी तक्रार तेवढ्यावर थांबत नाही. दलाली परत मिळाली म्हणजे विकणाऱ्याचे नुकसान भरून निघाले, हा समजच या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत सोयीस्कर समज आहे. कंपनीच्या सोयीचा, अर्थात.

गंमत अशी, की सुरुवातीला हीच कंपनी विश्वासावर चालत होती. पिएर ओमिद्यार याने सप्टेंबर १९९५मध्ये कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' नावाने हे संकेतस्थळ उघडले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. पुढे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने त्याचे मासिक भाडे एकदम वाढवले, तेव्हा खर्च भागवायला त्याने दलाली सुरू केली. पंचवीस डॉलरच्या आतल्या मालावर पाच टक्के आणि त्यावरच्या मालावर अडीच टक्के. ही रक्कम विकणाऱ्याने आपणहून टपालाने पाठवायची होती. लोकांनी पाठवली. चेक आले, कागदाला चिकटवलेली नाणीसुद्धा आली, आणि पाकिटे फोडायला माणूस ठेवावा लागला. हिशेब विकणाराच करत असल्याने परताव्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता. हिशेब कंपनीच्या यंत्राकडे गेला आणि बिल आपोआप निघू लागले, तेव्हा 'विक्री' कशाला म्हणायचे हे ठरवायचा अधिकारही यंत्राकडे गेला. यंत्राला लिलावाचे घड्याळ दिसत होते. पैसे मात्र टपालाच्या पाकिटातून किंवा दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून जात, ते त्याला दिसत नव्हते. मग घड्याळ थांबले की विक्री झाली असे मानणे त्याला सोपे पडले.

परतावा मागायची तेव्हाची रीत आता वाचली तर सरकारी कचेरीची आठवण होते. आधी काही दिवस थांबायचे. मग पंचेचाळीस दिवसांच्या आत 'पैसे आले नाहीत' अशी तक्रार नोंदवायची. खरेदीदाराला बाजू मांडायला वेळ द्यायचा. त्यानंतर व्यवहाराच्या तारखेपासून साठ दिवसांच्या आत ती तक्रार आपणच बंद करायची, तेव्हा कुठे दलाली खात्यात जमा व्हायची. तक्रार बंद करायला विसरलात तर परतावा गेला. सर्वांत विचित्र प्रकार होता 'दोघांच्या संमतीने सौदा रद्द' या पर्यायाचा. एखाद्या भल्या विकणाऱ्याने खरेदीदाराच्या नावावर ठपका नको म्हणून हा सौम्य मार्ग धरला आणि खरेदीदाराने 'माझी संमती नाही' असे कळवले, तर प्रकरण तिथेच मिटे आणि दलाली कंपनीकडे राही. म्हणजे ज्याने पैसे बुडवले त्याच्याच होकारावर विकणाऱ्याचा परतावा अवलंबून! नियम करणाऱ्याच्या मनात काळेबेरे नसेलही, पण असा नियम वर्षानुवर्षे टिकतो तेव्हा तो कुणाच्या तरी पथ्यावर पडत असतो.

कंपनीची बाजू मात्र पोकळ नाही, आणि तिच्याकडे नीट पाहिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परतावा मागताक्षणी मिळू लागला तर लबाडीला दोन वाटा मोकळ्या होतात. पहिली वाट म्हणजे विकणारा आणि घेणारा बाहेरच्या बाहेर व्यवहार उरकतात, पैसे हातोहात देतात, आणि विकणारा कंपनीला सांगतो की गिऱ्हाईक पळाले. दुसरी वाट जास्त वाईट. विकणारा स्वतःच दुसऱ्या नावाने, किंवा मित्राकरवी, आपल्याच मालावर बोली चढवतो. कुणी फसले तर उत्तम. न फसता आपलीच बोली वर राहिली तर 'पैसे आले नाहीत' म्हणून दलाली परत घ्यायची आणि माल पुन्हा लावायचा. बिनखर्चाचा परतावा म्हणजे खोट्या बोलीला फुकटचा विमा. ही भीती काल्पनिक नव्हती. मे २०००मध्ये एक अमूर्त चित्र ईबेवर पंचवीस सेंटपासून सुरू होऊन १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढले. चित्राच्या कोपऱ्यातल्या आद्याक्षरांवरून ते रिचर्ड डीबेनकॉर्न या नावाजलेल्या अमेरिकन चित्रकाराचे असावे, असा लोकांनी तर्क केला होता. विकणाऱ्याने स्वतःच्याच मालावर बोली लावल्याचे उघड झाले, ईबेने विक्री रद्द केली आणि प्रकरण फौजदारी न्यायालयात गेले.

हे सगळे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. लबाड विकणारे असतात म्हणून पुराव्याचे ओझे प्रत्येक विकणाऱ्यावर टाकायचे, तर मग लबाड बोलीवाले असतात म्हणून बोलीवर काही ओझे का टाकायचे नाही? विकणाऱ्याचा माल दिसतो, खाते दिसते, त्याच्याकडून दलाली आधीच कापलेली असे. बोली लावणाऱ्याचे त्या क्षणी काहीही पणाला लागलेले नसे. सप्टेंबर १९९९मध्ये ईबेवर कुणीतरी माणसाचे मूत्रपिंड विक्रीला लावले आणि कंपनीने ते काढून टाकेपर्यंत बोली ५७ लाख डॉलरपर्यंत पोचली होती. बोली लावणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात एवढे पैसे मोजायचे असतील असे वाटत नाही. जी गोष्ट करायला काही लागत नाही, ती लोक गंमत म्हणूनही करतात.

आता नुकसानीचा हिशेब. दोनशे डॉलरच्या कॅमेऱ्यावर दलाली किमान सव्वीस डॉलर, कारण अमेरिकेत ईबेची दलाली हल्ली बहुतेक प्रकारच्या मालावर तेरा टक्क्यांच्या वर आहे, आणि ती नुसत्या किमतीवर नसते, पाठवणावळ आणि विक्रीकर धरून होणाऱ्या एकूण रकमेवर असते. समजा हे सव्वीस डॉलर परत आले. पण मधले दिवस गेले. ज्याने १९५ डॉलरची बोली लावली होती त्याने तोवर दुसरा कॅमेरा घेतला. 'दुसरी संधी' म्हणून त्याला विचारता येते, पण तो सावध होतो. त्याची १९५ची बोली चढली तीच मुळी पैसे न भरणाऱ्याच्या जोरावर, आणि तो माणूस मध्ये नसता तर कॅमेरा दीडशेला मिळाला असता, हे त्यालाही कळते. माल पुन्हा लावला तर जुने गिऱ्हाईक शंका घेते की यात काही खोट आहे का, परत का आला. हंगामी माल असला तर हंगाम गेलेला असतो. हे नुकसान कुठल्याच परताव्यात धरलेले नसते.

कायद्याला हे नुकसान ठाऊक आहे. आपल्याकडचा १९३०चा मालविक्री कायदा सांगतो की लिलावात हातोडा पडला की विक्री पुरी झाली. त्याआधी बोली मागे घेता येते, नंतर नाही. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला, रीतसर कळवून, माल पुन्हा विकता येतो आणि कमी आलेली रक्कम पहिल्या खरेदीदाराकडून मागता येते. अमेरिकेच्या व्यापारी संहितेतही हेच तत्त्व आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तर नोव्हेंबर २००१मध्येच, रिकार्डो या संकेतस्थळावर अपेक्षेपेक्षा फार कमी बोलीला गेलेल्या एका नव्या पसाट मोटारीच्या खटल्यात, पडद्यावरचा लिलावही बंधनकारक करार आहे असा निवाडा दिला. तिथे विकणारा मागे फिरू पाहत होता आणि न्यायालयाने त्याला बांधून घातले. तेच बंधन बोली लावणाऱ्यालाही लागू व्हायला हवे. कागदावर ते लागू आहेच. पण सव्वीस डॉलरसाठी, किंवा पन्नास डॉलरच्या घसरणीसाठी, ओरेगनमधला विकणारा फ्लोरिडातल्या अनोळखी माणसावर दावा लावणार नाही. हे कंपनीला माहीत आहे आणि बोली लावणाऱ्यालाही.

म्हणून जिथे लिलाव खरोखर गंभीरपणे केला जातो, तिथे नंतरच्या दाव्यावर कुणी विसंबत नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला एकविसावा आदेश पाहा. न्यायालयाच्या हुकमाने स्थावर मालमत्तेचा लिलाव झाला, की खरेदीदाराने पंचवीस टक्के रक्कम तिथल्या तिथे भरायची. न भरल्यास मालमत्ता लगेच पुन्हा विकायची. उरलेली रक्कम पंधराव्या दिवसापर्यंत. चुकला तर अनामत जप्त होऊ शकते, आणि दुसऱ्या विक्रीत किंमत कमी आली तर ती तूट व फेरविक्रीचा खर्च चुकणाऱ्याच्या माथी. १९०८चा हा कायदा आहे. ज्याने कुणी तो लिहिला त्याने लिलाव पाहिलेले होते हे उघड आहे. बँकांनी कर्जबुडव्यांच्या मालमत्ता कशा विकायच्या यासाठी सरकारने केलेल्या २००२च्या नियमांतही हाच पंचवीस टक्क्यांचा सांधा आहे, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात अशी अनामत जप्त करणे योग्य ठरवले. पुन्हा विक्रीत बँकेला जास्त पैसे आले, हा बचावही मान्य झाला नाही.

सरकार, न्यायालय आणि बँक स्वतः विकतात तेव्हा अनामत घेतात. सामान्य माणूस ईबेवर विकतो तेव्हा त्याला सांगितले जाते की अनामतीने गिऱ्हाईक बिचकेल. बिचकेल हे खरे आहे. छोट्या रकमेच्या लिलावात बोलीला जरा अडथळा आला की बोलीवाले कमी होतात, आणि बोलीवाले कमी झाले की किंमत पडते. त्याची झळ विकणाऱ्यालाही लागते. पण हे गणित विकणाऱ्यासमोर मांडून त्याला निवड दिली, असे कधी झाले नाही. बोलींची संख्या, जिंकलेल्या लिलावांची संख्या, एकूण उलाढालीचा आकडा, हे सारे बिनअनामतीच्या बोलीने फुगते. आणि फुगलेला आकडा कुणाला हवा असतो हे सांगायला नको.

बोली लावणाऱ्यावर पूर्वी एक सामाजिक बंधन तरी होते. फेब्रुवारी १९९६मध्ये ईबेने सुरू केलेल्या शेरेपद्धतीत दोघे एकमेकांबद्दल बरेवाईट लिहू शकत. २००८मध्ये कंपनीने विकणाऱ्यांना खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देण्याची मुभा काढून घेतली. कारण दिले गेले ते पटण्यासारखे होते. काही विकणारे सूड म्हणून वाईट शेरा देत, त्या धाकाने खरेदीदार खरी तक्रार करत नसत. पण औषध एकाच बाजूला दिले गेले. त्यानंतर पैसे न भरणाऱ्याच्या नावावर कंपनीच्या आतल्या वहीत ठपका पडे, बाहेर कुणाला दिसत नसे. विकणाऱ्याला फार तर असे ठपके असलेल्यांना आपल्या लिलावातून वगळण्याची सोय मिळाली. जपानमध्ये याहू ऑक्शनने उलट वाट धरली होती. तिथे विकणाऱ्याने 'जिंकणाऱ्याच्या कारणामुळे' असे नोंदवून त्याला काढून टाकले की दलाली लागत नसे आणि जिंकणाऱ्याच्या नावावर आपोआप सर्वांत वाईट शेरा लागे. कडक वाटेल, पण बोली फिरवणाऱ्याला आपण काहीतरी केले हे कळते.

मोठ्या लिलावघरांतही बोली बुडते, हे खरे. फेब्रुवारी २००९मध्ये क्रिस्टीजने पॅरिसमध्ये ईव्ह सँ लोराँ या फॅशनकाराच्या संग्रहाचा लिलाव केला, त्यात बीजिंगच्या जुन्या उन्हाळी राजवाड्यातून लुटली गेलेली उंदीर आणि ससा यांची काशाची मस्तके होती. साई मिंगचाओ या चिनी संग्राहकाने फोनवरून दोन्ही मिळून, लिलावघराची फी धरून, तीन कोटींहून अधिक युरोंची बोली लावली आणि मग जाहीर केले की मी पैसे देणार नाही, हे देशकर्तव्य होते. (पुढे २०१३मध्ये ती मस्तके दुसऱ्या मार्गाने चीनला परत गेली.) त्या लिलावघराची प्रतिष्ठा पणाला लागली, विकणाऱ्याकडे मस्तके परत आली, सगळ्या जगाने बातमी वाचली. ईबेवरच्या कॅमेऱ्याची बातमी होत नाही, एवढाच फरक.

दलालीच्या परताव्याचा तंटा शेवटी सुटला तो न्यायबुद्धीने नव्हे. २०१८मध्ये ईबेने पेपॅल या पैसे पोचवणाऱ्या कंपनीला मागे सारून पैशांची ने-आण स्वतःच्या हाताखाली घ्यायचे जाहीर केले आणि २०२१पर्यंत ते बहुतेक पुरे केले. आता खरेदीदाराचे पैसे आधी कंपनीकडे येतात, त्यातून दलाली कापून बाकीचे विकणाऱ्याला जातात. पैसेच आले नाहीत तर कापायचे कशातून? चार दिवस वाट पाहून विकणारा व्यवहार रद्द करू शकतो. वर्षानुवर्षे विकणारे जे मागत होते ते कंपनीला पैशांच्या प्रवाहावर ताबा हवा होता म्हणून जाता जाता मिळाले. माल यादीत लावायची फी आणि ठळक दिसण्यासाठी दिलेले जादा पैसे मात्र गेले ते गेले.

यातून दलाली कुणी द्यायची हा जुना प्रश्न नव्याने पुढे येतो. तो नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाला चांगला माहीत आहे. जुलै २०१६मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे-भाज्यांवरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले, तेव्हा लासलगावसह अनेक बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. अर्थशास्त्राचा अभ्यासक त्या वेळी म्हणाला असता, आणि काही जण म्हणालेही, की अडत कुणाच्या नावाने लावली याने फरक पडत नाही. खरेदीदाराला सहा टक्के द्यावे लागले तर तो बोलीच तेवढी कमी लावेल. सौदा पुरा होतो तिथे हा युक्तिवाद बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण सौदा फिसकटतो तिथे तो साफ कोसळतो. फिसकटलेल्या सौद्यात किंमतच नसते, मग ओझे सरकवायचे कशात? तिथे दलाली ज्याच्या नावावर लिहिली त्याच्याच खिशातून जाते. म्हणून दलाली विकणाऱ्यावर की घेणाऱ्यावर, हा वाद पुऱ्या झालेल्या सौद्यांसाठी हिशेबाचा असेल, पण बुडालेल्या सौद्यांसाठी तो न्यायाचा आहे.

ईबेने स्वतःच ही दिशा धरायला सुरुवात केली आहे. जर्मनीत मार्च २०२३पासून आणि ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४पासून खाजगी विकणाऱ्यांवरची दलाली काढून टाकण्यात आली. ब्रिटनमध्ये २०२५च्या सुरुवातीला खरेदीदाराच्या संरक्षणाच्या नावाने खरेदीदाराकडून फी घ्यायला सुरुवात झाली. हे स्पर्धेच्या दबावाखाली झाले, विकणाऱ्यांच्या कळवळ्याने नाही. तरी परिणाम चांगला आहे. पैसे न भरलेल्या बोलीमुळे विकणाऱ्याला दलालीची एक दमडीही लागत नाही.

पण मघाचे नुकसान, म्हणजे गेलेला वेळ, दुरावलेला दुसरा बोलीवाला आणि घसरलेली किंमत, अजून तसेच आहे. त्यावर उपाय एकच आणि तो जुनाच: बोली लावताना काहीतरी अडकवून ठेवणे. ब्रिंग अ ट्रेलर या जुन्या मोटारींच्या अमेरिकन लिलावस्थळावर बोली लावणाऱ्याच्या कार्डावर खरेदीदाराच्या फीएवढी रक्कम बोलीच्या क्षणीच रोखली जाते. जिंकला नाही तर सुटते. तरीही तिथे बोलीची चुरस कमी झालेली नाही, उलट हौशी लोक तिथेच गर्दी करतात. एका जुन्या पोर्शेवर बोली लावणाऱ्याला अनामत जड जात नाही, कारण तो खरोखर घ्यायला आलेला असतो.

चार डॉलरच्या टपालतिकिटाला हा व्याप करू नये. तिथे पैसे बुडाले तर विकणाऱ्याने सोडून द्यावे, आणि तो देतोही. शंभर डॉलरच्या वरच्या मालाला मात्र अनामत लावायची की नाही हे विकणाऱ्यावर सोपवावे. बोलीवाले कमी आले तर तो जोखीम समजून घेईल. दहा टक्के पुरेत. आणि दिवाणी संहितेत एक खोट आहे ती इथे टाळावी: तिथे खर्च वजा जाऊन जप्त अनामत सरकारजमा होते. लिलावस्थळावर ती कंपनीच्या तिजोरीत जाऊ लागली तर बुडालेली बोली हा कंपनीचा नवा धंदा होईल. जप्त अनामत सबंध विकणाऱ्याच्या खात्यात गेली पाहिजे, कारण माल त्याचा आहे आणि खोळंबाही त्याचाच झालेला आहे.